जाताना राम, येताना कृष्ण

आमच्या नांदेडच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर वर्षातून दोनदा एक मजकूर फिरत येतो, एकदा रामनवमीला आणि एकदा गोकुळाष्टमीला. कांचीपुरमच्या बाजूला सतराव्या शतकात वेंकटाध्वरी नावाचे कवी होऊन गेले, त्यांनी ‘राघवयादवीय’ नावाचं तीस श्लोकांचं संस्कृत काव्य रचलं. सरळ वाचलं तर रामकथा, उलटं वाचलं तर कृष्णकथा. मजकूर खरा आहे. शेवटी मात्र कोणीतरी पदरचं वाक्य जोडून दिलेलं असतं, की जगात असं दुसरं काव्य नाही. त्याखाली पंचवीस-तीस जोडलेले हात.

मागच्या अष्टमीला मला राहवलं नाही. लिहिलं, ‘आहे. आपल्या पाथरीचं. याच्या शंभरेक वर्षं आधीचं. आणि लिहिणारा ज्योतिषी होता.’ बराच वेळ शांतता. मग एकाने विचारलं, ‘साईबाबांची पाथरी का?’ म्हटलं, ‘तीच.’ दुसऱ्याचा प्रश्न, ‘पत्रिका बघायचे का ते?’ एवढ्यात कोणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक येऊन पडला आणि विषय तिथेच मिटला.

माझ्या डोक्यातून तो गेला नाही. त्या ज्योतिष्याचं नाव सूर्यदास. सूर्य पंडित, सूर्य दैवज्ञ अशाही नावांनी त्याचे ग्रंथ सापडतात. जन्म १५०७-०८च्या सुमाराचा. पत्रिका तोही बघत असणार, त्या काळी ज्योतिषात होरा, म्हणजे फलज्योतिष, येतेच. पण त्याचं खरं काम आकाशाचं गणित. आजच्या भाषेत त्याला खगोलशास्त्रज्ञ म्हणावं लागेल, आणि त्याच दमात कवीही.

नांदेडहून कल्याण-निर्मल रस्त्याने पश्चिमेला निघालं की वसमत, परभणी, मानवत आणि मग पाथरी. शे-सव्वाशे किलोमीटरची वाट. सोयाबीन निघून गेलेलं, कापूस फुटलेला, मध्येच उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी अडकलेली. गोदावरी सगळा वेळ डाव्या हाताला असते आणि सगळा वेळ दिसत नाही. नांदेडला आम्ही तिला घाटावर रोज बघतो, विष्णुपुरीला अडवलेली बघतो. पाथरीकडे जाताना ती नुसती जाणवते, जमीन अधिकाधिक काळी होत जाते तेवढ्यावरून. पाथरी म्हणजे जुनं पार्थपूर. गोदावरीच्या उत्तरेला असलेल्या या गावाचं नाव ग्रंथांतून येतं, आणि त्याबरोबर एक सबंध घराणंच येतं.

गावात मी तीन-चार जणांना विचारलं. बसस्टँडासमोरचा चहावाला म्हणाला, ‘सूर्यदास? कोणत्या वॉर्डातले?’ त्याचा काही दोष नाही. पाथरीला येणाऱ्या लोकांना साईमंदिराचा रस्ता हवा असतो, तो त्याने मला न विचारताच सांगितला. सूर्यदासाच्या नावाची पाटी, चौक, वाचनालय, काही मला तरी दिसलं नाही. चहा मात्र उत्तम होता.

*

काव्याचं नाव ‘रामकृष्णविलोमकाव्य’. विलोम म्हणजे उलटं. लोम म्हणजे केस. केसांच्या वळणाने हात फिरवला तर अनुलोम, त्याविरुद्ध फिरवला तर विलोम. मांजराच्या पाठीवर उलटा हात फिरवून पाहिलेल्या कोणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

आपल्याकडे शाळेत पोरं उलटसुलट सारखी वाक्यं एकमेकांना घालत असतात. ‘ती होडी जाडी होती.’ ‘रामाला भाला मारा.’ अक्षरं शेवटाकडून मोजत आलं तरी तेच वाक्य. सूर्यदासाचा खेळ याच्या पुढचा. त्याच्या श्लोकाची पहिली ओळ रामाबद्दल बोलते. ती ओळ संपली की त्याच अक्षरांवरून पाठमोरं चालत यायचं. ती झाली दुसरी ओळ, आणि ती बोलते कृष्णाबद्दल. अक्षरं तीच, क्रम उलटा, शब्द निराळ्या जागी तुटलेले, अर्थ निराळा. जाताना राम, येताना कृष्ण. असे चाळिसेक श्लोक, आणि ओळीने दोन्ही कथा पुढे सरकत राहतात. वाचणाऱ्याला हे जड जाणार हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने स्वतःच त्यावर टीकाही लिहून ठेवली.

संस्कृतात उलटसुलट वाचायचे सुटे श्लोक आधीपासून होते. भारवीने लिहिले, माघाने ‘शिशुपालवधा’त युद्धाच्या सर्गात लिहिले. त्याला ‘गतप्रत्यागत’ म्हणत, गेला आणि परत आला. एकाच वाचनात दोन कथा सांगणारी श्लेषकाव्यंही होती. पण एका दिशेने एक कथा आणि परतीच्या वाटेवर दुसरी, हे सबंध काव्यभर निभावून नेणारा पहिला माणूस सूर्यदास, असं अभ्यासक ख्रिस्तोफर मिंकोव्स्की यांनी २००४ साली एका दीर्घ लेखात मांडलं. वेंकटाध्वरी त्याच्या मागून आले.

मी संस्कृतचा पंडित नाही. शाळेत मात्र आमच्या गुरुजींनी वृत्तं इतकी घोटून घेतली होती की अजूनही बोटं आपोआप लघू-गुरू मोजायला लागतात. पाथरीहून परतल्यावर एका रात्री त्या काव्याचा पहिला श्लोक घेऊन बसलो. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या ‘काव्यमाले’त हे काव्य छापलेलं आहे. श्लोक इंद्रवज्रेचा. चरणात अकरा अक्षरं: गुरू गुरू लघू, गुरू गुरू लघू, लघू गुरू लघू, गुरू गुरू. हा क्रम मी कागदावर मांडला आणि उलटीकडून वाचला. अडलं! उलट्या क्रमात पाचव्या जागी लघू येतो, तिथे गुरू हवा. सातव्या जागी गुरू येतो, तिथे लघू हवा. बाकी नऊ जागा बरोबर जुळतात, या दोनच मोडतात. म्हणजे इंद्रवज्रा उलटी केली तर ती इंद्रवज्रा राहत नाही. मग या गृहस्थाने उलटी ओळसुद्धा इंद्रवज्रेतच कशी ठेवली?

अर्धा तास तो श्लोक बोटांवर मोजत होतो. मग दिसलं. अकरा अक्षरांचा मधोमध कोणता? सहावं अक्षर. ओळ कुठूनही वाचा, सहावं ते सहावंच. त्या मधल्या जागी त्याने जोडाक्षर बसवलंय. पहिल्या चरणात ‘क्ति’, दुसऱ्यात ‘व्य’. आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक ऱ्हस्व अक्षर, तेही एकच. पहिल्या चरणात दोन्हीकडे ‘मु’, दुसऱ्यात दोन्हीकडे ‘भ’. आता शाळेतला नियम आठवा: जोडाक्षराच्या आधी आलेलं ऱ्हस्व अक्षर गुरू होतं, नंतरचं लघूच राहतं. डावीकडून आलात तर पाचवं अक्षर जोडाक्षराच्या आधी येतं, ते गुरू. उजवीकडून आलात तर पूर्वीचं सातवं आता आधी येतं, ते गुरू. जी दोन अक्षरं अडत होती, ती मधल्या खिळ्याभोवती आपलं वजन आपसांत बदलून घेतात. वृत्त दोन्ही वाटांनी साबूत.

रात्रीचे साडेबारा वाजले होते. बायको उठून आली आणि म्हणाली, ‘झालं काय एवढं हसायला?’ तिला सांगायचा प्रयत्न केला. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, ‘तराजूचा काटा मध्येच असतो की.’ मला अर्धा तास लागला होता.

हे नुसत्या कवीला सुचेल असं मला वाटत नाही. ज्याचा दिवस आकड्यांची रांग मांडण्यात जातो, ज्याला दोन टोकांमधला मध्य काढण्याची सवय आहे, त्याला ती जागा आधी दिसते. शब्द तिथे मागाहून येतात.

*

सूर्यदासाच्या घरात हे दोन्ही होतं. वडील ज्ञानराज. त्यांनी शके १४२५मध्ये, म्हणजे १५०३ साली, ‘सिद्धान्तसुंदर’ हा ग्रंथ लिहिला. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’नंतर साडेतीनशे वर्षांनी ग्रहगणिताचा सांगोपांग सिद्धान्त रचायला घेणारा हा माणूस. ग्रंथाचं नावच बघा, त्याला ‘सुंदर’ म्हणतोय. आत ग्रहांच्या गती, ग्रहणं, यंत्रं हे सगळं आहेच, आणि भूगोल-खगोलाच्या भागात ऋतुवर्णनाचा एक सबंध अध्याय आहे, अलंकारांनी नटलेला. भास्कराचार्यांनीही तसं केलं होतं. सूर्य कोणत्या राशीत गेल्यावर काय घडतं याचं गणित एकदा दिल्यावर मग वसंत-वर्षा कशा दिसतात तेही सांगायचं, हा या लोकांचा रिवाज. आपल्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात बलाच्या धड्यानंतर आंब्याच्या मोहोरावर एक प्रकरण आलं तर मंडळ ते पुढच्या आवृत्तीत काढून टाकेल.

ज्ञानराजांची खटपट आणखी एका ठिकाणी होती. पुराणांत पृथ्वी सपाट, मध्ये मेरू, भोवती दुधा-तुपाचे समुद्र. सिद्धान्तांत ती गोल, अधांतरी. दोन्ही एकाच घरात वाचली जायची. भास्कराचार्यांनी पुराणांकडे फारसं लक्ष दिलं नाही. ज्ञानराज मात्र दोघांचा मेळ घालत बसले. मला स्वतःला भास्कराचार्यांची बाजू सोपी आणि सरळ वाटते. ज्ञानराजांचे पुष्कळ युक्तिवाद ओढूनताणून आणलेले आहेत. पण रात्री नळीतून तारे बघणारा आणि सकाळी पुराण ऐकणारा माणूस आपल्या दोन पुस्तकांना एका फळीवर ठेवू पाहतो, यात खोटेपणा नाही. हा ग्रंथ इंग्रजीत संपूर्ण आला तो २०१४ साली, तोके क्नुडसेन या अभ्यासकाच्या हातून. मराठीत शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी आपल्या १८९६च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त या घराण्याची नोंद करून ठेवली होती, त्याला आता सव्वाशेहून जास्त वर्षं झाली.

थोरल्या-धाकट्याचा हिशेब सोडा, पण सूर्यदासाला चिंतामणी नावाचा भाऊ होता आणि त्याने वडिलांच्या ग्रंथावर टीका लिहिली. सूर्यदासाने भास्कराचार्य घेतले. ‘बीजगणिता’वर १५३८ साली ‘सूर्यप्रकाश’, ‘लीलावती’वर १५४१ साली ‘गणितामृतकूपिका’. कूपिका म्हणजे आड, लहान विहीर. गणिताच्या अमृताचा आड. तो गणित सोडवताना व्याकरण सोडत नाही, समास फोडतो, शब्दाचे दोन-दोन अर्थ दाखवतो. भास्कराचार्यांनी बीजगणिताच्या आरंभी ‘अव्यक्त’ या एकाच शब्दात सांख्यांचं मूळ तत्त्व, ईश्वर आणि समीकरणातली अज्ञात राशी यांना एकदम नमस्कार घातला आहे. असला श्लोक हातात आल्यावर सूर्यदासासारख्या टीकाकाराची दिवाळीच. त्याने गीतेवर लिहिलं, चंपू लिहिलं, आणि यवनांच्या, म्हणजे फारसी-अरबी परंपरेच्या ज्योतिषमताची मांडणी करणारा भागही एका ग्रंथात घातला. शेजाऱ्याची पंचांगं काय म्हणतात याची त्याला उत्सुकता होती.

शेजार तर होताच. तो काळ आठवा. बहमनी राज्य मोडलेलं, तुकडे भांडताहेत. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की अहमदनगरच्या निजामशाहीचं मूळ घराणं पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्ण्यांचं. बुऱ्हाण निजामशहाला आपल्या पूर्वजांचं गाव परत हवं होतं. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशहाकडे. मागून मिळेना, तेव्हा १५१८च्या सुमाराला त्याने चढाई करून घेतली. पुढे त्यावरून लढाया होत राहिल्या. सूर्यदास तेव्हा दहा-अकरा वर्षांचा पोर. गाव एका शहाकडून दुसऱ्याकडे जातंय, आणि घरात वडील त्याला भागाकार-गुणाकार शिकवताहेत. एकच गाव, एकाला आजोळासारखं हवंय, दुसऱ्याला महसुलासाठी. दोन्ही दिशांनी वाचता येणारी गोष्ट त्याला फार लांब शोधावी लागली नसेल. हा आपला माझा तर्क, पुरावा नाही.

*

लातूरला माझी बहीण राहते. तिचा मुलगा बारावीत, म्हणजे घरात टीव्ही बंद, पाहुणे बंद, फोडणीचा आवाजसुद्धा हळू. लातूर पॅटर्न ज्यांनी बाहेरून वाचलाय त्यांना त्याची मौज वाटते. ज्यांच्या घरात तो राहायला आलाय त्यांना विचारा. दसऱ्यानंतर तिच्याकडे गेलो तेव्हा पोरगा प्रश्नसंच पुढे घेऊन बसला होता. मी म्हटलं, एक सोपं घालतो. एका संख्येला ३ने गुणलं, ५ मिळवले, ४ने भागलं, ८ आले. संख्या कोणती?

‘नऊ,’ तो म्हणाला. वर बघितलंसुद्धा नाही.

‘क्ष मानलास का?’

‘कशाला, मामा? उलटं गेलो. आठ चोक बत्तीस, पाच गेले सत्तावीस, तिनाने भागा. ऑप्शन असले की असंच करायचं असतं. उत्तराकडून निघायचं.’

मी गप्प झालो. हीच ‘लीलावती’तली रीत. भास्कराचार्य तिला व्यस्तविधी म्हणतात, आर्यभटानेही ती सांगितली होती: फळ माहीत असेल आणि मूळ हवं असेल तर शेवटाकडून निघावं, गुणाकाराच्या जागी भागाकार करावा, बेरजेच्या जागी वजाबाकी, वर्गाच्या जागी वर्गमूळ. विलोमक्रिया हे तिचंच दुसरं नाव. सूर्यदासाने ‘गणितामृतकूपिके’त हे सूत्र उलगडलं, आणि काव्याच्या नावात तोच शब्द घातला. त्याच्या दृष्टीने ते दोन निराळे व्यवसाय नसावेत. उत्तराकडून मुळाकडे येताना संख्या बदलत नाहीत, फक्त क्रियांची तोंडं फिरतात. कृष्णाकडून रामाकडे येताना अक्षरं बदलत नाहीत.

पोराला मी सूर्यदासाची गोष्ट सांगितली. त्याने ती लक्ष देऊन ऐकली हे कबूल केलं पाहिजे. मग विचारलं, ‘पण मामा, ते कोणत्या साइडचे? आर्ट्स की सायन्स?’ बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘त्याला अभ्यास करू दे.’

*

आता या काव्याला चांगलं म्हणायचं का? जुन्या काव्यशास्त्र्यांना विचारलं तर ते नाक मुरडतील. मम्मटाने चित्रकाव्याला खालच्या पायरीवर बसवलंय. ज्यात अक्षरांची कसरत आहे आणि व्यंग्यार्थ नाही, ते काव्य कनिष्ठ. आमच्या नांदेडशी ज्या वामन पंडितांचं नाव जोडलं जातं, त्यांनाही लोक ‘यमक्या वामन’च म्हणाले. मी हे श्लोक टीका बाजूला ठेवून वाचायचा प्रयत्न केला; एकही नीट लागला नाही. क्रियापदं कुठेतरी कोपऱ्यात सापडतात, कोशात शोधावे लागणारे शब्द येतात, रामाच्या वनवासाचं दुःख कुठे भिडत नाही. कान तृप्त होत नाहीत. होतं ते निराळंच. चांगल्या सोनाराने केलेला फासा बघावा तसं होतं: बंद केल्यावर सांधा दिसत नाही, आणि उघडतो कुठून हे कळलं की हात थांबतो.

आकाशाचं गणित करणाऱ्या, उलटणं हा ज्यांचा रोजचा व्यवहार, त्या लोकांत आपल्या काळात एक मराठी नाव ठळक आहे, आणि त्यांचीही साहित्यातली सुरुवात विलोमाने झाली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली. ‘कृष्णविवर’ नावाच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक, नारायण विनायक जगताप. असा कोणी लेखक कोणाला माहीत नव्हता. आद्याक्षरं उलटीकडून वाचा: जगताप, विनायक, नारायण. ज. वि. ना. जयंत विष्णू नारळीकर. मोठ्या नावामुळे परीक्षकांचा कल झुकू नये म्हणून त्यांनी आपलं नावच पाठमोरं केलं होतं, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंनी उतरवून दिली होती.

तेव्हा नारळीकर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्याबरोबर केलेल्या कामामुळे नाव जगभर झालेलं. जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८. बालपण काशीत, वडील हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. इथे मला गोदावरीकाठचे ज्योतिषी आठवतात. पार्थपूरच्याच परिसरातल्या गोलग्रामचं एक दैवज्ञ घराणं पुढे काशीला गेलं. त्यातल्या कमलाकराने १६५८ साली तिथे ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ लिहिला. आमच्याकडच्या गणिताला काशीची वाट जुनीच.

नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा बहुतेकांनी वाचलेली असते. प्रमोद रांगणेकर नावाचा क्रिकेटपटू, नेहमीचा उजवा, अचानक डाव्या हाताने गोलंदाजी करून इंग्लंडची दाणादाण उडवतो. गोष्टीतली गणपतीची मूर्ती डाव्या सोंडेची होती, ती उजव्या सोंडेची झालेली. कारण मोबियसची पट्टी. कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवली की तिला दोन बाजू उरत नाहीत. तिच्यावरून सबंध फेरी मारून येणारा आरशातला होऊन परततो. डाव्या-उजव्या सोंडेचा वाद मराठी घरात कोणाला नवा आहे? त्या वादात टोपॉलॉजी घालायचं धाडस तेवढं त्यांचं. ही कथा ‘यक्षांची देणगी’त आहे.

आणि ही नुसती गोष्टीतली हौस नव्हती. १९६४ साली हॉइल आणि नारळीकरांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध छापला, विषय काळाची दिशा. विद्युतचुंबकत्वाची समीकरणं काळात पुढे आणि मागे सारखीच चालतात, विलोमकाव्यासारखी. मग दिवा आधी लागतो आणि प्रकाश नंतर पोचतो, उलटं का घडत नाही? व्हीलर आणि फाइनमन यांनी त्याचं उत्तर साऱ्या विश्वाच्या प्रतिसादात शोधलं होतं. हॉइल-नारळीकरांनी दाखवलं की ते उत्तर लागू पडायचं तर विश्व कसं आहे याने फरक पडतो, आणि आरंभच नसलेल्या स्थिर-स्थिती विश्वात ते नीट लागतं, महास्फोटाच्या विश्वात नाही. पुढच्याच वर्षी पार्श्वप्रारणाचा, म्हणजे महास्फोटातून उरलेल्या मानल्या जाणाऱ्या प्रारणाचा, शोध लागला आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत, शेवटपर्यंत. त्यांचं चुकलं असं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि पुराव्याचं पारडं तसं म्हणणाऱ्यांकडे आहे. मला मात्र त्या हट्टात ज्ञानराज दिसतात, उलटीकडून: एकाला परंपरेचं विश्व सोडवेना, दुसऱ्याला सगळ्यांनी मान्य केलेलं धरवेना.

पुण्यात १९८८ साली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करताना त्यांनी इमारत चार्ल्स कोरिया यांच्याकडे सोपवली. काळ्या दगडाच्या भिंती, मधल्या कुंडाभोवती न्यूटन, आइनस्टाइन, गॅलिलिओ आणि आर्यभट. नांदेड-लातूर-परभणी-हिंगोलीची जी पोरं आपल्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठातून दीर्घिकांमधली धूळ आणि क्ष-किरण अभ्यासायला तिथे जातात, ती आधी त्या कुंडाच्या पायऱ्यांवर बसून डबा खातात. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या त्यांच्या आत्मचरित्राला साहित्य अकादमी पुरस्कार २०१४ साली मिळाला, २०२१च्या नाशिक साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. २० मे २०२५ रोजी ते गेले. आमच्या ग्रुपवर त्या दिवशीही जोडलेले हात आले. या खेपेला मी काही लिहिलं नाही.

*

त्या खेपेला पाथरीहून येताना वाट बदलली होती. परभणीहून वर हिंगोली जिल्ह्यात शिरून औंढा नागनाथला गेलो. देवळाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: नामदेवांना पुढच्या बाजूने हाकललं, ते मागे जाऊन कीर्तनाला उभे राहिले, आणि देऊळ फिरलं. त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. गुरू ग्रंथसाहिबातही नामदेवांच्या वाणीत ही कथा येते, त्यामुळे नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात आलेले पंजाबी यात्रेकरू औंढ्याचा रस्ता विचारतात. देवळाच्या मागे उभं राहून मी दगडांवरची शिल्पं बघत होतो. पुजारी सांगत होता, पुढचं तोंड ते हेच. शेजारची बाई म्हणाली, ‘म्हणजे आपण मागे आहोत का पुढे?’

याच औंढ्याच्या परिसरात लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्राने ६ एप्रिल २०२३ रोजी २,६०० कोटींना मंजुरी दिली. एकमेकींशी काटकोनात चार-चार किलोमीटर लांब दोन नळ्या, आत हवा नाही. लेझरचा एक झोत फोडून दोन्हीकडे पाठवायचा. तो टोकाच्या आरशापर्यंत जाणार, तिथून त्याच वाटेने परत येणार, आणि परतलेले दोन झोत एकमेकांवर ठेवून बघायचे. दूर कुठे दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली असतील तर त्या गुरुत्वलहरीने एक नळी लांबते, दुसरी आखडते, आणि परत आलेला प्रकाश गेलेल्याशी जुळत नाही. अमेरिकेतल्या दोन लायगोंना १४ सप्टेंबर २०१५ रोजी हे पहिल्यांदा दिसलं; सूर्याच्या छत्तीसपट आणि एकोणतीसपट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं, १३० कोटी प्रकाशवर्षांवरची. नळी किती लांबली-आखडली? प्रोटॉनच्या आकाराच्या सुमारे हजाराव्या हिश्शाइतकी.

गतप्रत्यागत. मी हा शब्द गाडीत मोठ्याने म्हटला तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, ‘काय म्हणलात?’ त्याला सांगितलं, जाऊन परत येणारं. तो म्हणाला, ‘मग आपणच की. नांदेड ते नांदेड.’ वसमतच्या पुढे अंधार पडला. शेतातल्या कापसावर मोटारीचा उजेड पडत होता, पांढरा, एकेक बोंड दिसे इतका.